सूळ निघाला नाही : अणीमांडव्यांचं अपील



गेले काही दिवस आपण महाभारताचं आदिपर्व थोडं थोडं वाचतोय. आज मांडव्य ऋषींची कथा. खरं सांगायचं तर ही पोस्ट मंगळवारीच यायला हवी होती. तीन दिवस लिहून खोडत होतो. कारण काय ते पुढे येईलच.

आधी कथा. बऱ्याच जणांना ती "विदुर कोणाचा अवतार?" या प्रश्नाच्या उत्तरापुरती माहीत असते, म्हणून नीट सांगतो.

मांडव्य नावाचे ऋषी आपल्या आश्रमाच्या दाराशी, एका झाडाखाली, हात वर करून उभे होते. मौनव्रत. एक दिवस काही चोर लुटीचा माल घेऊन पळत आले, मागे राजाचे शिपाई. चोर आश्रमात घुसले, माल तिथेच लपवला आणि स्वतःही लपले. शिपाई आले. त्यांनी ऋषींना विचारलं, चोर कुठल्या वाटेने गेले? ऋषी काही बोलले नाहीत. हो नाही, नाही पण नाही. शिपायांनी आश्रम धुंडाळला. चोर सापडले, माल सापडला. आता हा दाराशी उभा असलेला माणूस काहीच कसा बोलला नाही? म्हणजे हाही त्यातलाच. सगळ्यांना बांधून राजापुढे नेलं. राजाने चोरांबरोबर ऋषींनाही देहदंड सांगितला आणि मारेकऱ्यांनी, हा माणूस कोण आहे हे न ओळखताच, त्यांना सुळावर चढवलं.

इतकंच. महाभारत या खटल्याला मोजून दोन-चार श्लोक देतं. आणि मला वाटतं ते बरोबरच आहे, कारण खटला तेवढाच झाला होता. राजाने विचारलं नाही, तू कोण? विचारलं नाही, तू गप्प का? माल कोणाच्या हातात सापडला, कोणाच्या अंगणात सापडला, यातला फरक कोणी केला नाही. जागा, माल आणि मौन, या तीन गोष्टी जुळल्या आणि फाईल बंद.

आपल्या आजच्या कायद्यात या तिन्हीवर उत्तरं आहेत, आणि ती वाचताना मला सारखे मांडव्य आठवत होते. संविधानाच्या कलम २० मध्ये लिहिलंय की आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही. म्हणजे गप्प राहणं हा गुन्हा नाही आणि गुन्ह्याचा पुरावाही नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३१३ होतं (२०२४ च्या जुलैपासून नवी संहिता आली, त्यात ते वेगळ्या क्रमांकाने आहे). त्यात असं की, आरोपीविरुद्ध जे जे पुराव्यात आलंय ते न्यायाधीशाने स्वतः त्याच्यापुढे ठेवायचं आणि विचारायचं, यावर तुझं काय म्हणणं? त्याला शपथ द्यायची नाही. उत्तर दिलं नाही म्हणून शिक्षा नाही. पण विचारायचंच. राजाने हा एक प्रश्न विचारला असता तर? कदाचित ऋषी तरीही बोलले नसते. पण मग राजाला निदान थांबावं लागलं असतं. विचार करावा लागला असता.

आता कथेतला दुसरा भाग. मांडव्य सुळावर मेले नाहीत. अन्नपाण्याशिवाय कितीतरी दिवस तसेच जिवंत राहिले, तप चालूच. रात्री इतर ऋषी पक्ष्यांच्या रूपात येऊन त्यांना विचारायचे, महाराज, असं कोणतं पाप तुम्ही केलं? आणि मांडव्य म्हणाले, दोष कोणाला देऊ? माझा दुसऱ्या कोणी अपराध केलेला नाही.

इथे थांबू या. लहानपणी आजीकडून ही कथा ऐकली तेव्हा ती इथेच संपायची. "बघ, संत कसे असतात! सुळावर असून कोणाला दोष नाही." मीसुद्धा बरीच वर्षं हेच धरून होतो. आपल्याकडे सहन करण्याला फार मान आहे. कोणी म्हणालं, माझ्यावर अन्याय झालाय, मला वर जाऊन दाद मागायचीय, की आपण लगेच म्हणतो, अरे सोड ना, कर्माचे भोग असतात, देव बघतोय.

पण महाभारतातली कथा इथे संपत नाही. पहारेकऱ्यांनी राजाला सांगितलं की तो माणूस अजून जिवंत आहे. राजा धावत आला, पाया पडला, माफी मागितली. अज्ञानाने चूक झाली म्हणाला. ऋषींनी त्याला क्षमा केली. मग राजाने सूळ ओढून काढायला लावला. निघेना. शेवटी अंगाबाहेरचा भाग कापून टाकला आणि आतलं टोक आतच राहिलं. त्या टोकाला म्हणतात अणी. पुढे ते आयुष्यभर तसेच फिरले आणि लोक त्यांना अणीमांडव्य म्हणू लागले.

जनाबाईची कथा तुम्हाला माहीत आहे. विठ्ठलाचं पदक चोरल्याचा आळ आला, सुळावर द्यायला चंद्रभागेच्या वाळवंटात नेलं आणि सुळाचं पाणी झालं. ही कथा ऐकताना डोळ्यांत पाणी येतं, माझ्याही येतं. पण मांडव्यांच्या सुळाचं पाणी झालं नाही. राजा चुकला हे सिद्ध झालं, राजाने माफी मागितली, सुटका झाली, आणि तरी टोक आत. मला ही कथा जनाबाईच्या कथेची दुसरी बाजू वाटते. दोन्ही जवळ ठेवाव्यात.

आता जरा आपल्या काळात येतो.

५ जून २००३ ची रात्र. नाशिकजवळ एका पेरूच्या बागेत, झोपडीत राहून बाग राखणाऱ्या कुटुंबावर हल्ला झाला. पाच जण मारले गेले. बायकांवर अत्याचार झाले. वाचले ते दोघे, आई आणि मुलगा, दोघंही गंभीर जखमी. वाचूनसुद्धा अंगावर काटा येतो. मी तपशील देणार नाही.

पुढे सहा जणांना अटक झाली. भटक्या समाजातली, मजुरी करणारी, अतिशय गरीब माणसं. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. आपल्याकडे सत्र न्यायालयाने फाशी दिली तरी उच्च न्यायालयाने पुष्टी केल्याशिवाय ती अमलात येत नाही, आरोपीने अपील केलं न केलं तरी. तशी ती मुंबई उच्च न्यायालयात गेली. २००७ मध्ये तिथे दोषी सगळेच ठरले, पण तिघांची फाशी कायम राहिली आणि तिघांना जन्मठेप झाली. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात. २००९ मध्ये तिथे परत सहाही जणांना फाशी. पुनर्विलोकन याचिका फेटाळली गेली. म्हणजे सत्र, उच्च, सर्वोच्च, पुनर्विलोकन, सगळे दरवाजे वाजवून झाले. माझ्यासारखा माणूस पेपरात वाचतो आणि म्हणतो, एवढ्या कोर्टांनी बघितलंय, काहीतरी असेलच ना!

नंतर २०१२ मध्ये असं ठरलं की त्या सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. फाशीची शिक्षा झालेला मुलगा. ते कळायला नऊ वर्षं गेली.

२०१४ मध्ये एका वेगळ्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की फाशीच्या प्रकरणातल्या पुनर्विलोकन याचिका खुल्या न्यायालयात, तीन न्यायाधीशांपुढे, वकिलाचं म्हणणं ऐकून निकालात काढायच्या. त्याआधी त्या बहुतेक बंद दालनात, कागदांवरच संपायच्या. ऐकून घ्यायचं, एवढाच बदल. २०१८ मध्ये नाशिकच्या या प्रकरणातला जुना निकाल मागे घेतला गेला आणि अपिलं नव्याने ऐकायचं ठरलं. आणि ५ मार्च २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. सुमारे सोळा वर्षांनी.

काय निघालं? वाचलेल्या आईने घटनेनंतर दोनच दिवसांत पोलिसांच्या अल्बममधले फोटो बघून चार माणसं ओळखली होती. ती चार माणसं या सहांपैकी नव्हती. त्या चौघांचा तपास पुढे नेलाच नाही आणि ही गोष्ट सरकार पक्षाने दाबून ठेवली. न्यायालयाने निकालात स्पष्ट म्हटलं की तपास आणि खटला दोन्ही न्याय्य नव्हते. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली आणि चुकार तपास अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं.

या सगळ्यात त्या आईचं काय झालं, हा विचार मला सोडत नाही. तिने तर दोन दिवसांत बोट दाखवलं होतं. तिचंच ऐकलं नाही कोणी. चुकीच्या माणसाला शिक्षा झाली की ज्याच्यावर अन्याय झाला त्याचाही खटला तिथेच मारला जातो. मांडव्यांच्या कथेत निदान खरे चोर सापडले तरी होते.

माझ्या इंजिनियर डोक्याला यातली एक गोष्ट फार लागली. वरच्या कोर्टात खटला पुन्हा पहिल्यापासून चालत नाही. साक्षीदार सहसा परत उभे राहत नाहीत. खाली जे रेकॉर्ड तयार झालं, तेच वर जातं. वरचा न्यायाधीश कितीही हुशार असू दे, कितीही सज्जन असू दे, तो त्या कागदांमधून बघतो. खालून एक कागद गेला नाही, किंवा गेला पण ढिगाऱ्याखाली गेला, तर तीन तीन कोर्टं एकच चूक वर वर नेत राहतात, आणि प्रत्येक पायरीवर ती चूक अधिक खरी दिसू लागते. आपण म्हणतो तीन कोर्टांनी तपासलं. तपासलं खरं, पण तेच रेकॉर्ड तीनदा.

म्हणून "माझा खटला नीट चालला नाही" हे अपील "मी गुन्हा केला नाही" यापेक्षा वेगळं असतं. ते म्हणतं, तुम्ही ज्या काचेतून बघताय ती काचच आधी तपासा. लोकांना हे पळवाटीसारखं वाटतं. मलाही वाटायचं. "तांत्रिक मुद्द्यावर सुटला" असं आपण किती सहज म्हणतो. वकील मिळाला नाही, साक्षीदाराची पहिली जबानी लपवली, आरोपीला पुरावा दाखवून विचारलंच नाही, यातलं तांत्रिक काय आहे? राजाने मांडव्यांना विचारलं नाही, ही तांत्रिक चूक होती का?

परत कथेकडे. मला सगळ्यात आवडणारा भाग आता येतो.

पक्ष्यांना "दोष कोणाला देऊ" म्हणणारे, राजाला क्षमा करणारे मांडव्य, अंगात सुळाचं टोक घेऊन उठले आणि थेट धर्माच्या घरी गेले. साक्षात धर्म, यमधर्म, आसनावर बसलेला. राजाच्या वरचं कोर्ट. तिथे जाऊन त्यांनी विचारलं, मी नकळत असं काय दुष्कर्म केलं, ज्याचं हे फळ मला मिळालं? मला लगेच खरं सांग.

म्हणजे बघा. ज्याने माणसाला माफ केलं, त्याने निकाल मात्र मान्य केला नाही. क्षमा आणि अपील या दोन गोष्टी एकाच माणसात सुखाने राहू शकतात, हे मला इथे पहिल्यांदा कळलं. भक्तीचा अर्थ निमूट सोसणं असता तर मांडव्य सुळावरच ब्रह्मलीन झाले असते आणि आपण आरती म्हणून मोकळे झालो असतो.

धर्माने उत्तर दिलं. लहानपणी तू पतंगांच्या शेपटीत गवताची काडी टोचलीस, त्याचं हे फळ.

मांडव्य म्हणाले, इतक्या लहान अपराधाला इतका मोठा दंड? आणि त्यांनी तिथल्या तिथे दोन गोष्टी केल्या. पहिली, धर्मालाच शाप दिला की तू मनुष्ययोनीत, दासीच्या पोटी जन्म घेशील. दुसरी, जगासाठी मर्यादा घातली की चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने केलेलं पाप धरलं जाणार नाही.

ही दुसरी गोष्ट बऱ्याच कीर्तनांत गळून जाते. मला ती कथेचा कणा वाटते. मांडव्यांना स्वतःला त्या मर्यादेचा काहीच उपयोग नव्हता. त्यांची शिक्षा भोगून झाली होती, टोक आत होतंच. ते वर गेले आणि त्यांच्यामुळे नियम बदलला तो त्यांच्यानंतर येणाऱ्या सगळ्या मुलांसाठी. आज आपला बालन्याय कायदा अठरा वर्षांची मर्यादा धरतो आणि असंही म्हणतो की घटनेच्या वेळी मी अल्पवयीन होतो हा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकाल लागून गेल्यावरही, मांडता येतो. नाशिकच्या त्या मुलाचं वय निकाल लागून गेल्यावरच ठरलं होतं ना!

शापाबद्दल मात्र दोन शब्द, कारण कमेंटमध्ये कोणीतरी विचारणारच, आणि विचारावंच. दासीच्या पोटी, शूद्र योनीत जन्म हा "शाप" कसा? हा ग्रंथ ज्या समाजात घडला त्याची ही उतरंड आहे आणि मी ती झाकणार नाही. चोखोबांच्या, जनाबाईच्या वारीत चालणाऱ्या माणसाला हे गोड मानून घेता येत नाही. पण व्यासांनी पुढे काय केलं ते बघा. तो दासीपुत्र विदुर झाला, आणि आख्ख्या हस्तिनापुरात धर्म बोलणारा माणूस तोच. द्यूतसभेत द्रौपदीने प्रश्न टाकला की युधिष्ठिर आधी स्वतःला हरला असेल तर मला पणाला लावायचा त्याला अधिकार उरला होता का? तेसुद्धा अपीलच होतं, थेट अधिकारक्षेत्रावर बोट ठेवणारं. भीष्म म्हणाले धर्म सूक्ष्म आहे. बाकीचे बहुतेक खाली बघत बसले. विदुर उठला आणि सभेला म्हणाला, पीडित माणूस दाद मागायला सभेत येतो तेव्हा उत्तर द्यावंच लागतं. धर्म माहीत असून जो उत्तर देत नाही तो खोटं बोलण्याच्या अर्ध्या पापाचा धनी होतो. सभेने ऐकलं नाही.

जो आसनावर बसून निकाल देत होता, त्याला मांडव्यांनी अशा जागी पाठवलं जिथे खरं बोलूनही कोणी ऐकत नाही. न्यायाधीशाला खाली, दाद मागणाऱ्यांच्या रांगेत उभं केलं. शाप म्हणा, शिक्षण म्हणा.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे पोस्ट तीन दिवस लांबली.

सहा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा टीम लीड झालो होतो. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज झालं (शुक्रवारी रिलीज करू नये हे प्रत्येकाला माहीत असतं, तरी होतं) आणि रात्री कळलं की ग्राहकांना बिलं दोन-दोनदा गेली. शनिवार-रविवार कोणी झोपलं नाही. सोमवारी वरून निरोप आला, मूळ कारण शोधून रिपोर्ट द्या, नावासकट.

टीममध्ये एक मुलगा होता, नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेला. कमी बोलायचा. मीटिंगमध्ये प्रश्न विचारला की दोन सेकंद खाली बघायचा आणि मग उत्तर द्यायचा. शेवटचा बदल सहा चाळीसला त्याच्या लॉगिनवरून गेला होता. मी त्याला बोलावून विचारलं, तू टेस्ट केलं होतंस ना? तो खाली बघत राहिला. मला पुरे झालं. जागा, माल, मौन.

पण मी आणखी एक लॉग पाहिला होता. त्याच दिवशी सव्वाचारला दुसऱ्या टीमच्या अकाउंटवरून एक सेटिंग बदललं गेलं होतं. मी त्याचा स्क्रीनशॉटही काढला होता. रिपोर्टला जोडला नाही. का? मी स्वतःला सांगितलं की त्याने रिपोर्ट उगाच गुंतागुंतीचा होईल. खरं कारण, दुसऱ्या टीमशी भांडण लागलं असतं, त्यांचा मॅनेजर मोठा होता, आणि मी नवा लीड होतो.

रिपोर्ट गेला. दोन दिवसांनी त्या मुलाचा मेल आला. तीन ओळी. सर, सव्वाचारचा लॉग एकदा बघाल का, मला वाटतं कारण तिथे असू शकेल. मी उत्तर दिलं, विषय बंद झालाय, आता पुढच्या कामाकडे बघू. त्या वर्षी त्याला पगारवाढ मिळाली नाही. तीन महिन्यांनी तो सोडून गेला. फेअरवेलला मीच समोसे मागवले होते.

दीड वर्षाने तोच प्रकार पुन्हा झाला. तो तर नव्हताच आता. आणि या वेळी कारण सापडलं, तेच सेटिंग. मी दुरुस्त केलं, नवा रिपोर्ट लिहिला, जुन्याचा उल्लेखही केला नाही. जुना रिपोर्ट तसाच राहिला. वाईट म्हणजे नवीन मुलांना आम्ही ट्रेनिंगमध्ये तोच दाखवतो, टेस्टिंग न केल्याचं उदाहरण म्हणून. त्याचं नाव त्यात आहे. दोन वेळा तर मी स्वतः दाखवलाय.

फाशी आणि पगारवाढ यांची तुलना करायला मी वेडा नाही. सोळा वर्षं तुरुंगात गेलेल्या माणसांपुढे माझी ही गोष्ट ऑफिसातली आहे, किरकोळ आहे. पण आदिपर्वातलं ते पान वाचताना राजाच्या जागी मी दिसलो, आणि त्या निकालाबद्दल वाचताना दाबून ठेवलेल्या त्या फोटोवरच्या ओळखीच्या जागी माझा स्क्रीनशॉट. तो अजून माझ्या लॅपटॉपवर आहे. फोल्डरचं नावसुद्धा "इतर" आहे.

मंगळवारी रात्री मी त्याला शोधून मेसेज केला. मोठा लिहिला होता. माझी चूक होती, मी लॉग पाहिला होता, मी जोडला नाही, तुझं ऐकलं नाही, मनापासून माफी मागतो. लिहिताना मला, खोटं कशाला सांगू, थोडं बरंच वाटत होतं. हलकं वगैरे. राजाला ऋषींच्या पाया पडताना वाटलं असेल तसं.

बुधवारी दुपारी त्याचं उत्तर आलं. "सर, कळवल्याबद्दल थँक्स. तो रिपोर्ट बदलला का?"

बस. एवढंच. माफ केलं की नाही, त्याचं एक अक्षर नाही.

मी जेवणाचा डबा उघडून तसाच बसलो. माझ्या डोक्यात रिपोर्ट आलाच नव्हता. मी माझ्या मनातला सूळ काढत बसलो होतो. त्याचा सूळ कंपनीच्या सर्व्हरवर आहे, त्याच्या नावासकट, आणि दर सहा महिन्यांनी वीस नवी मुलं तो बघतात.

मांडव्य धर्माच्या दारी का गेले, हे मला बुधवारी दुपारी कळलं. राजाची माफी त्यांना मिळालेली होती. त्यांना रेकॉर्डमध्ये काय लिहिलंय ते बघायचं होतं.

काल मी जुन्या रिपोर्टवर दुरुस्ती लिहिली. सव्वाचारचा लॉग जोडला, तेव्हा तो मी पाहिला होता आणि वगळला होता हेही लिहिलं, खाली माझं नाव. तेव्हा ज्या अकरा जणांना मूळ मेल गेला होता त्यातले सात अजून कंपनीत आहेत, त्यांना पाठवलं. ट्रेनिंगवाल्यांना कळवलं. घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आणि तुझ्यावर आलं तर?" मी म्हटलं, येईल. मॅनेजरने सोमवारी सकाळी साडेदहाला मीटिंग लावली आहे, विषयाच्या जागी नुसतं "बोलू या" लिहिलंय. पोटात गोळा आहे. काल हरिपाठात दोनदा ओळ चुकली.

त्या मुलाला दुरुस्तीची प्रत पाठवली आहे. निळी टिक आली. उत्तर अजून नाही, आणि ते द्यायला तो बांधील नाही.

तुमच्यापैकी कोणी खरोखरच कोर्टात दाद मागत असेल, स्वतःसाठी किंवा घरातल्या कोणासाठी, तर एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. अपिलाला मुदत असते, निकालाची प्रत लगेच मागा. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणात जा, तुरुंगात असलेल्या माणसाला मोफत वकील मिळणं हा त्याचा कायदेशीर हक्क आहे. घरातलं कोणी "देवावर सोड" म्हणालं तर त्यांना ही कथा वाचायला द्या. मांडव्य देवाकडेच गेले होते, प्रश्न घेऊन.

उद्या विदुराच्या जन्माचा अध्याय. परवा रविवार, सुट्टी. सोमवारची पोस्ट कदाचित उशिरा येईल.

राम कृष्ण हरी.